लागला, की सरला?

"पाळी चुकली बघा बाई. अकरा-बारा दिवस झालं."

जोंधळे निवडता निवडता म्हातारी म्हणाली आणि मी लगेच पिशवीतून वही काढली. १९८८ चा मे महिना होता. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या एका गावात उपकेंद्राची नर्स म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. नव्या नोकरीची हौस अंगात होती. मी आत डोकावून सुनेला हाक मारली, "या की इकडं. लाजायचं काय त्यात? शेवटची आली ती तारीख आठवते का?"

सून दारात येऊन उभी राहिली. म्हातारीचा हात सुपातच थांबला.

"तिला काय इचारता? पाटकऱ्याला इचारा. वरल्यांनी रातचं दारं फोडली, आमच्या चारीला टिपूस न्हाई. लावणीचा ऊस करपून चाललाय."

सुनेनं पदर तोंडात कोंबला. तरी हसू फुटलंच. "पाण्याची पाळी हो बाई!" संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नव्या नर्सबाई उसाला दिवस गेल्याची नोंद करून गेल्या. पुढं कित्येक वर्षं पारावरून जाताना कुणी ना कुणी विचारायचंच, "काय बाई, आमच्या उसाला कितवा?"

माझं माहेर संगमेश्वराकडचं. आमच्याकडं पाणी आभाळातून येतं नाहीतर विहिरीतून. ते पाळीनं मिळतं हे मला ठाऊक नव्हतं. इथं आल्यावर कळलं, की या मुलखात पाळी चार तऱ्हेची. एक पाटाच्या पाण्याची. दुसरी कारखान्यातली, भवानीनगरच्या भोंग्यावर पाळ्या बदलायच्या आणि त्या भोंग्यावर आसपासच्या वस्त्यांची घड्याळं लागायची. तिसरी कुळवाची, रान तयार करताना एक पाळी घालतात, दोन पाळ्या घालतात. आणि चौथी बाईची. चारही चुकतात. चुकल्यावर पेढे वाटले जातात अशी त्यातली एकच, आणि तीसुद्धा दर वेळी नाही.

त्या फजितीचा फायदा असा झाला, की मी कान उघडे ठेवायला शिकले. माझं कामच मुळी काळ मोजण्याचं होतं. लोकांना वाटतं नर्स म्हणजे सुई टोचणारी. सुई टोचायला मिनिट लागतं. खरा वेळ जातो तो वही भरण्यात. गरोदर बाईची नोंद करायची तर पहिला महत्त्वाचा रकाना असतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाचा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अपेक्षित तारीख निघते. आमच्या पुस्तकात हे गणित असं होतं. दिवसांत सांगायचं तर दोनशे ऐंशी. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, नऊ महिने नऊ दिवस. कॉलेज शिकलेली डॉक्टरमंडळी आणि नऊवारीतल्या आज्या यांच्यात फरक काय तो दोन दिवसांचा. धनुर्वाताची इंजेक्शनं कधी, लोहाच्या गोळ्या कधीपासून, तालुक्याच्या दवाखान्यात कधी धाडायचं, हे सगळं त्या एका तारखेवर टांगलेलं.

आणि नेमकी ती तारीखच कुणाकडं नसायची.

तारीख नसायची, पण काळ असायचा. तो वेगळ्या खुंट्यांना बांधलेला असायचा. "पालखी गेली त्याच्या दुसऱ्या दिशी बाहेर बसले." तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते आणि तिथं नीरा ओलांडते. त्या वाटेवरच्या गावांना वर्षात एवढी पक्की खूण दुसरी नाही. बेलवाडीचं रिंगण झालं, की त्या दिवसाला त्या पंचक्रोशीत तारीख लागत नाही. बाकीच्या खुणा म्हणजे नागपंचमी, गौरी, घट, दिवाळीचा पाडवा, संक्रांत, गावची जत्रा. कुणी सांगायची, "मागल्या आवर्तनाला पाटाला पाणी होतं, मी धुणं घेऊन गेले न्हवते तवा." कुणी सांगायची, "कारखान्यानं मोळी टाकली त्या हप्त्यात."

मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर कोष्टक करायला लागले. डावीकडं सण, जत्रा, पाण्याच्या पाळ्या, उजवीकडं तारखा. दर वर्षी नवं कोष्टक, कारण सण काही जागेवर बसत नाहीत. २००० साली लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला होतं. २००१ मध्ये आश्विन अधिक आला, धोंड्याचा महिना, आणि लक्ष्मीपूजन गेलं १४ नोव्हेंबरला. एकोणीस दिवसांचा फरक! गेल्या वर्षीच्या अंदाजानं "दिवाळीच्या आधी चार दिवस" लिहिलं असतं, तर बाळंतपणाची तारीख जवळजवळ तीन आठवडे सरकली असती. कालनिर्णय माझ्या पिशवीत थर्मामीटरच्या शेजारी असायचं.

खुणा जमल्या, आता तारीख चुकायची नाही असं मला वाटत होतं. तिथंच मी फसले. ते सांगण्याआधी थोडं भाषेबद्दल सांगायला हवं. ते मला माझ्या यजमानांनी शिकवलं. ते बारामतीला हायस्कुलात मराठी शिकवायचे. मोरोपंत पन्हाळ्यात जन्मले, पण आयुष्य त्यांनी बारामतीत काढलं, आणि तिथल्या मराठीच्या शिक्षकाला पंतांचा अभिमान असतोच. रात्री जेवणं आटोपल्यावर आमच्या घरात दोन तऱ्हेची मोजणी चालायची. ते पंतांच्या गीतीच्या मात्रा मोजायचे, एका ओळीत तीस. आणि मी आठवडे मोजायचे, एका बाईचे चाळीस.

एकदा मी त्यांना विचारलं, "बाई गरोदर राहिली की 'दिवस गेले' का म्हणतात? बाकी सगळीकडं गेलं म्हणजे हातचं गेलं. पैसा गेला, वीज गेली, माणूस गेला. इथं तर काहीतरी येणार आहे."

ते म्हणाले, "पाळीचे म्हणून ठरलेले दिवस असतात. ते आले आणि तसेच निघून गेले, थांबले नाहीत. म्हणून गेले." मग शिक्षकाच्या सवयीनं त्यांनी पुढं सांगितलं, की 'जाणे' हे मोठं चमत्कारिक क्रियापद आहे. 'जातो' हे रूप संस्कृतातल्या 'या' धातूवरून आलं, आणि 'गेला' आलं 'गम्'वरून, 'गत'मधून. म्हणजे या क्रियापदाला स्वतःचा भूतकाळच नाही. तो शेजाऱ्याकडून उसना आणलेला आहे. मला ते ऐकून गंमत वाटली. माझ्या वहीतल्या बायकांचं तसंच होतं. आज काय चाललंय ते त्या नीट सांगायच्या, मागचं मात्र सासूकडून, जावेकडून, शेजारणीकडून उसनं घ्यावं लागायचं.

दिवस गेले हे ठरलं, की पुढचा हिशेब महिन्यांचा. त्यालाही इथं क्रियापदं ठरलेली आहेत. महिना आधी लागतो, मग चालू असतो, मग सरतो, आणि शेवटी दिवस भरतात. पुण्याहून सोलापूरच्या एसटीत बसलं, की आधी भिगवण लागतं, मग इंदापूर लागतं. लागलं म्हणजे गाव मागं पडलं असं नव्हे. नुकती शीव आली. तसा सातवा लागतो. अख्खा सातवा अजून पुढं पसरलेला असतो. सरणं वेगळं. पीठ सरतं, तेल सरतं, कणगीतली ज्वारी सरते. गरज सरली की वैद्यालाही कुणी विचारत नाही. जे भरलेलं होतं ते वापरून वापरून तळाला गेलं, म्हणजे सरलं. सातवा सरला म्हणजे सातव्याच्या कणगीत आता दाणा नाही, उद्यापासून आठवा.

डोहाळजेवणं, ओट्या, लेकीला माहेरी आणणं, ही सगळी या क्रियापदांवर चालतात. सासू म्हणते, "सातवा लागला, आता व्याह्यांना निरोप धाडा." तिला आठवडे ठाऊक नसतात, पण लागला आणि सरला यांत ती कधी गफलत करत नाही. गफलत करायचो आम्ही, शिकलेले. आम्ही विचारायचो, "कितवा?" आणि उत्तरातला आकडा उचलून पुढं जायचो. 'सातवा' एवढंच लिहिलं तर त्याचा अर्थ सव्वीस आठवडेही होतो आणि तीस आठवडेही. त्या काळात आमच्या भागात सव्वीस आठवड्यांचं मूल जगत नसे. तीस आठवड्यांचं जगलं तर नशिबानं.

आता माझी चूक सांगते.

१९९४ च्या सप्टेंबरची सुरुवात. एक वस्ती होती, कालव्यापासून आत दोन कोस. सून दुसऱ्या खेपेची. पहिल्या खेपेला वार अडकून तिच्या अंगावरून फार गेलं होतं, त्यामुळं या वेळी घरी बाळंतपण होऊ द्यायचं नाही, हे मी पहिल्या भेटीतच लाल पेनानं लिहून ठेवलं होतं. मधे पावसानं रस्ता बंद होता, माझ्या दोन भेटी हुकल्या. त्या दिवशी गेले तेव्हा ती रानात गेलेली, घरी सासू. मी ओट्यावर बसून विचारलं, "कितवा आता?" सासूनं सांगितलं. मी लिहिलं, 'आठवा'. मनात हिशेब केला, आठवा चालू म्हणजे एकतीस-बत्तीस आठवडे. ऑक्टोबरच्या मध्याला येऊन हिला दवाखान्यात न्यायची व्यवस्था करू. चहा घेतला आणि पुढच्या वस्तीला गेले. सून घरी नव्हती म्हणून पोट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोटांनीच सांगितलं असतं. गर्भाशय बेंबीशी आलं की चोवीस आठवडे, बरगड्यांच्या मधे छातीच्या हाडाशी टेकलं की छत्तीस, हे आम्हाला प्रशिक्षणात इतकं घोटवून घेतलेलं, की डोळे मिटून सांगता यायचं. पण रानातून तिला बोलावून घ्यायला पंधरा-वीस मिनिटं लागली असती, आणि मला उशीर होत होता.

तीन आठवड्यांनी रात्री एकच्या सुमाराला तिचा नवरा सायकल मारत आला. काळ्या रानातला रस्ता चिखलानं गेलेला. बैलगाडीत घालून तिला डांबरीपर्यंत आणायला निघाले होते, पण कालव्याच्या भरावावर गाडी चढते न चढते तोच तिला राहवेना. मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले, मांडीवर किटची पेटी. पोचले तेव्हा मूल झालेलं होतं. सासूनं ते आपल्या लुगड्याच्या पदरात घेतलेलं, नाळ तशीच. खाली कालव्यातून पाणी वाहत होतं, कुणाची तरी पाळी चालू होती.

नाळ बांधली, कापली. वीस मिनिटांनी वार पडली. आणि मग रक्त. मी मेथर्जिनचं इंजेक्शन दिलं आणि ओटीपोटावर तळहात ठेवून चोळत राहिले. हाताखाली गर्भाशय ओल्या कणकेसारखं लागत होतं. किती वेळ चोळत होते ते मला सांगता येणार नाही. सासू बॅटरी धरून उभी होती, तिचा हात हलत नव्हता. मग हळूहळू ती कणीक आवळत गेली आणि सोललेल्या नारळासारखी घट्ट झाली. रक्त थांबलं. पहाटे झुंजुमुंजू होताना ट्रॅक्टर आला आणि त्यातून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दिवस कासराभर वर आला तेव्हा तिला सलाईन लागलेलं होतं आणि ती सासूला विचारत होती, म्हशीची धार कुणी काढली.

मूल मी वजनाच्या काट्याला टांगून पाहिलं. पावणेतीन किलो. नखं बोटांच्या टोकाशी आलेली, तळपायावर ठळक रेघा. पुऱ्या दिवसांचं बाळ. माझ्या वहीप्रमाणं ते अजून महिनाभर पोटात असायला हवं होतं.

सासू रागावली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "आठवा सरला म्हून सांगितलं व्हतं की म्या तुमास्नी."

त्या रात्री घरी येऊन कंदिलाच्या उजेडात वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आठवा'. पुढं काही नाही. ती बाई पूर्ण वाक्य बोलली होती. मी त्यातला आकडा घेतला आणि क्रियापद टाकून दिलं, कारण रकान्यात आकड्यापुरतीच जागा होती. व्याकरणाच्या पुस्तकात क्रियापदाची व्याख्या असते, वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द. ती मी सहावी-सातवीत पाठ केली होती. तिचा अर्थ मला कालव्याच्या भरावावर समजला.

तेव्हापासून मी महिन्याच्या आकड्यापुढं बारीक अक्षर लिहायला लागले. 'ला' म्हणजे लागला, 'चा' म्हणजे चालू, 'स' म्हणजे सरला. '७ ला', '५ स', असं. एकदा वही तपासताना आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारलं, "सिस्टर, हे '६ स' काय आहे? सोनोग्राफी का?" म्हटलं, "क्रियापद आहे, साहेब." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी कालव्यावरची हकिगत सांगितली. पुढच्या मासिक सभेत त्यांनी सगळ्या सिस्टरांना तसं लिहायला सांगितलं. काहींनी लिहिलं, काहींनी नाही. तो शासनाचा आदेश नव्हता.

दिवसांची दुसरी क्रियापदं मला उसाच्या फडात भेटली. हंगाम सुरू झाला, की बीडकडून, पाथर्डीकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोडायचं असतं. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. कोप्यांवर मी संध्याकाळी जायचे, कारण दिवसा तिथं लहान पोरं आणि कुत्री यांशिवाय कुणी नसायचं. एका कोपीत चुलीपुढं बसलेल्या पोरीला मी सवयीनं विचारलं, "किती दिवस गेले?"

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "दिवस कुठं जातेत बाई, ढकलावं लागतेत."

मी हसले नाही. तिनं विनोद केला नव्हता. दिवाळीच्या पाडव्याला गाडीत बसलो तेव्हा बाहेरची होते, एवढी खूण तिनं दिली; त्यावरून मी तारीख काढली. चौथा लागला होता. पहाटे तीनला उठायचं, फडावर जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. हे थांबवायला सांगून उपयोग नव्हता, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही. मी गोळ्या दिल्या, कार्ड दिलं, कुठल्याही दवाखान्यात हे दाखव म्हणून सांगितलं. पट्टा पडल्यावर ती टोळी गावाकडं गेली. पुढच्या हंगामात ती दुसऱ्या कारखान्याला गेली असं कळलं. त्या पोरीचं काय झालं ते मला माहीत नाही.

या बायकांची पाळी म्हणजेही खाडाच. महिन्यातले ते तीन-चार दिवस कोयता थंडावतो. त्यावर उपाय म्हणून ऐन तिशीत पिशवी काढून घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पुढं हा प्रश्न राज्यभर गाजला आणि बीड जिल्ह्यातल्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली सरकारनं समिती नेमली. ज्या मुलखात पाटाची पाळी चुकली म्हणून माणसं रात्रभर भांडतात, त्याच मुलखात येऊन या बायका आपली पाळी कायमची संपवून टाकण्याचा हिशेब मांडत होत्या.

घरी आल्यावर यजमानांना ते 'ढकलणं' सांगितलं. ते म्हणाले, "बघ, दिवस जातात, सरतात, लोटतात, ही सगळी अकर्मक. माणूस बसून राहिला तरी होतात. दिवस काढणं, ढकलणं, रेटणं ही सकर्मक. त्यांना दिवसाखेरीज वेगळा कर्ता लागतो. कुणीतरी ताकद लावल्याशिवाय तो दिवस पुढं सरकत नाही."

मग मला चाळाच लागला. पुढं माझी बदली बारामतीच्या जिरायती पट्ट्यात झाली. कालव्याच्या खाली ऊस, वर कुसळं. एकाच तालुक्यात दोन मुलूख. कालव्याखालच्या वस्तीवर विचारलं, "कसं चाललंय?" तर उत्तर यायचं, "जातोय दिवस." वरच्या भागात, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात तर हटकून, बाई म्हणायची, "काढायचा दिवस." टँकरची वाट बघत घागरींच्या रांगेत बसलेली गरोदर बाई 'दिवस सरला' असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी आपला एक ठोकताळा बांधला होता: जिचं क्रियापद सकर्मक, तिचं हिमोग्लोबिन आधी तपासायचं. यामागं संशोधन वगैरे काही नाही. पण फारसा चुकला नाही.

आता सगळं बदललं आहे. नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळानंतर खोदला गेला, दीडशे किलोमीटरहून लांब. त्याच्या शेपटाची गावं आजही पाण्यासाठी वरच्यांकडं बघतात, पण त्याच गावांतल्या पोरींच्या हातात मोबाइल आहेत आणि त्यात पाळीची तारीख नोंदवून ठेवायची सोय आहे. दारात आशाताई येते. नोंद ऑनलाइन होते. पाळीची तारीख टाकली की बाळंतपणाची तारीख यंत्रच काढून देतं, मला बोटं मोडत बसावं लागत नाही. सोनोग्राफी आहे. हे सगळं उत्तम आहे. जुने दिवस चांगले होते असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. जुन्या दिवसांत मी भरावावर पोट चोळत बसले होते.

तरी एक गोष्ट सांगते. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी पाच-सात दिवसांच्या फरकानं वय सांगते. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच केली, तर ती तीन तीन आठवडे इकडंतिकडं होऊ शकते. आणि उशिरा येणाऱ्या बायका आजही असतात. कोपीवरच्या असतात, वीटभट्टीवरच्या असतात, तिसऱ्या-चौथ्या खेपेला लाजून घरात बसलेल्या असतात. त्यांच्याकडं तारीख नसते, पहिला रिपोर्ट नसतो. त्यांच्याकडं पालखी असते, पाडवा असतो, आणि क्रियापद असतं.

२०२४ साली मी निवृत्त झाले. गावातल्या एका आजीनं निरोप देताना तोंडावर सांगितलं, "बाई, तुमचं पन दिवस भरलं की." बाळंतिणीचेही दिवस भरतात आणि घटका मोजणाऱ्याचेही. तिला यातलं काय अभिप्रेत होतं ते मी विचारलं नाही. तिनं माझी ओटी भरली, त्यावरून मी पहिला अर्थ घेतला.

कार्यभार देताना माझ्या जागी आलेल्या तरुण सिस्टरनं जुन्या वह्या चाळल्या आणि आकड्यांपुढच्या त्या बारक्या अक्षरांवर बोट ठेवलं. तिला जे सांगितलं तेच इथं सांगते. बाईला "कितवा?" विचारलंत तर आकडाच मिळेल, आणि आकड्यात एका महिन्याची फट असते. तेव्हा "लागला, की सरला?" असं विचारा. ती कुठल्याही गावची असो, कधी शाळेत गेलेली नसो, याचं उत्तर ती बरोबर देते. ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. रकान्यात बसत नसेल तर कार्डाच्या कडेला लिहा. तिथं दोन अक्षरांपुरती जागा असते.